मुलांचा खेळ नक्की कोणाचा?

रानजाई

"मुलं खेळतात का?" असं कुणाला विचारलं की हल्ली बहुतेक वेळा वेळापत्रक ऐकायला मिळतं. अमुक वारी पोहणं, तमुक वारी बुद्धिबळ, सुट्टीत नाटकाची कार्यशाळा. यातलं काहीच वाईट नाही, पोहायला तर प्रत्येकाला यायलाच हवं. पण तिथे काय करायचं, कसं करायचं, कधी थांबायचं हे मोठं माणूस ठरवतं. मूल तिथे शिकत असतं. खेळ निराळा. जो मूल आपणहून सुरू करतं, ज्याचे नियम ते स्वतः किंवा भिडूंशी भांडून ठरवतं आणि नको वाटलं की ज्यातून केव्हाही उठून जाता येतं, तो खेळ. घरोघरी आक्रसत चाललाय तो हाच, म्हणून हा धागा.

परवा आमच्याकडे मुलगी, तिची मैत्रीण आणि धाकटा अशा तिघांनी दोन खुर्च्यांवर चादर टाकून दवाखाना थाटला. डॉक्टर दोघींनाही व्हायचं होतं. धाकट्याला कुत्रा व्हायचं होतं. "कुत्र्याने भुंकायचं नाही, आत बाळ झोपलंय," असं मोठीने जाहीर केल्याबरोबर तो रांगत चादरीबाहेर आला आणि "मग मी खेळतच नाही" म्हणून भिंतीला टेकून बसला. आता डाव अडला, कारण पेशंट तोच होता! मग आतून कुजबुज, मनधरणी, नवा प्रस्ताव. शेवटी ठरलं ते असं: भुंकायचं, पण बाळ जागं असताना. आणि बाळ कधी जागं होणार ते कुत्रा ठरवणार. एवढं ठरवण्यात दुपारचा मोठा भाग गेला, प्रत्यक्ष दवाखाना जेमतेम चालला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की नुसती भांडत होती. मला वाटतं खेळाचा गाभा ती भांडाभांडीच होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे खेळ सोडून जाण्याच्या मोकळिकीवर फार भर देतात. समोरचा उठून गेला तर आपलाही खेळ संपतो, हे कळलं की मूल समोरच्याचं मन राखायला शिकतं. क्लासमध्ये कुणी असं उठून जात नाही, त्यामुळे तिथे याची गरजही पडत नाही.

आणि त्या धाकट्याचं बघा. एरवी त्याला "हळू बोल" हे दिवसभर सांगावं लागतं. पण बाळ झोपलंय म्हटल्यावर तो तोंडावर हात दाबून बसला होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या व्याख्यानात नेमकं हेच मांडलं होतं: खेळात मूल स्वतःच्या ऊर्मीविरुद्ध जाऊन नियम पाळतं, कारण तो पाळण्यातच त्याला आनंद असतो. आपण दटावून जे करून घेऊ शकत नाही ते खेळ करून घेतो.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिवसही झाला. पण घरात त्याची जागा अजून "अभ्यास झाला की" यानंतरच येते.

तुमच्या घरी काय चित्र आहे? मुलांना असा मोकळा वेळ मिळतो का? आणि तुम्ही स्वतः त्यांच्याशी खेळता का, खेळलात तर कसे?

पाऊलवाट

अगदी अगदी! कुत्र्याने बाळाच्या झोपेचा ताबा घेतला हे फारच आवडलं.

आमच्याकडे दोघांत चार वर्षांचं अंतर आहे. धाकटी कुठल्याही खेळात लिंबूटिंबू. तिच्यावर राज्य येत नाही, ती आउट होत नाही. हे आम्ही कुणी शिकवलेलं नाही. पोरांनी आपसात ठरवलं आणि तिला कळू न देता पाळलं. लपाछपीत ती पडद्यामागे उभी असते, पाय बाहेर, हसण्याचा आवाज येतोय, आणि मोठा सगळं घर पालथं घालून "कुठे गेली बुवा" म्हणत फिरतो. हे बघताना त्याच्याबद्दल जे कळतं ते एरवी कळायला वावच नसतो.

एकपाठी

धागा चांगला आहे, पण माझी अडचण वेगळी आहे. कामावरून परत येईपर्यंत अंगात त्राण उरलेलं नसतं. मुलगा दारातच हात धरतो, "बाबा, चल खेळू." मी बसतो, पण लक्ष लागत नाही आणि ते त्याला बरोबर कळतं. एकुलता एक आहे, आजूबाजूला त्याच्या वयाचं कुणी नाही. हे सगळं वाचलं की वाटतं, आईबाप म्हणून आणखी एक गोष्ट राहून गेली. खेळणं हीसुद्धा पालकांचीच जबाबदारी झाली का?

रानजाई

एकपाठी, मोकळेपणाने लिहिलंत ते बरं झालं. हे घराघरात असतं.

आधी दिलासा देणारी गोष्ट. डेव्हिड लान्सी या मानवशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या समाजांचा अभ्यास करून दाखवलंय की आईवडिलांनी जमिनीवर बसून मुलांशी खेळणं ही जगभर चालत आलेली रीत नाहीच. बहुतेक ठिकाणी मुलं मुलांशी खेळतात, मोठे आपापल्या कामात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला दिवसभर खेळायला बाप हवा असं काही निसर्गाने ठरवलेलं नाही. त्याला भिडू हवेत, आणि ते जुळवून द्यायला मोठ्यांनी मदत करायला हवी. आठवड्यातून एकदा का होईना, कुणा मुलाला घरी बोलावा आणि त्या दोघांना त्यांचं त्यांचं सोडून द्या.

राहिला तुमचा संध्याकाळचा प्रश्न. शीला आयबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पालक आणि मुलांसाठी एक उपचारपद्धत तयार केली, मुलांच्या वागण्याच्या तक्रारींसाठी ती आजही वापरतात. तिचा घरचा अभ्यास काय, तर रोज फक्त ५ मिनिटं मुलाबरोबर खेळायचं. पण त्या ५ मिनिटांत सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक काढायची नाही. मूल काय करतंय ते शब्दांत सांगायचं ("तू लाल ठोकळा वर ठेवलास"), त्याच्यासारखं आपणही करायचं, ते बोलेल ते उचलून धरायचं, जे आवडलं ते नेमकं काय आवडलं हे सांगायचं.

वाचायला सोपं वाटतं, पण करून बघा. "हे काय बनवलंस?", "इथे चाक लावायचं ना?", "हा कुठला रंग?" ही वाक्यं तोंडातून आपोआप निघतात. आपण खेळायला बसतो आणि परीक्षा घ्यायला लागतो.

ती ५ मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, कपडे बदलून झाल्यावर, रोज साधारण त्याच वेळी. त्यानंतर "आता मी जरा पडतो" म्हणायला काहीच हरकत नाही. अर्धा तास अर्धवट बसण्यापेक्षा हे बरं.

मधली सुट्टी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पालकांच्या बाजूने पुष्कळ बोलणं झालं, शाळेची बाजूही सांगते.

गृहपाठ केला नाही, वर्गात बडबड केली, की पहिली कात्री लागते ती खेळाच्या वेळेला. "तू मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचंस." ही शिक्षा ज्या मुलाला मिळते ते बहुधा सगळ्यात चुळबुळं मूल असतं, म्हणजे ज्याला मोकळं धावायची सगळ्यात जास्त गरज असते तेच. मग पुढच्या तासाला ते आणखी चुळबुळतं आणि पुन्हा शिक्षा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी म्हणून मधली सुट्टी काढून घेऊ नये. माझ्या वर्गापुरती मी ती शिक्षा बंद केली आहे. सहकाऱ्यांशी यावरून अजून वाद होतात आणि मी ते घालत राहणार आहे.

घरीही तेच चालतं. "मार्क कमी आले, आता महिनाभर खाली जायचं नाही." मार्क कमी का आले याचा शोध राहतो बाजूला, आणि दिवसभरात ज्या एका गोष्टीमुळे मूल सावरलं असतं तीच हातातून जाते.

कुतूहल

खेळ हा फालतू वेळ नाही हे पटवायला मला प्राण्यांचे अभ्यास फार उपयोगी वाटतात, म्हणून थोडं लिहितो.

याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांवर अनेक वर्षं काम केलं. उंदराची पिल्लं एकमेकांशी दंगामस्ती करताना, किंवा माणसाने हाताने गुदगुल्या केल्या की, ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे आवाज काढतात. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, त्यामुळे ते ऐकायला खास यंत्र लागतं. पँकसेप यांनी त्याला हसण्याचंच एक प्राचीन रूप मानलं. ज्या हाताने गुदगुल्या केल्या त्या हातामागे पिल्लं धावतात. त्यांचं म्हणणं होतं की भूक आणि भीती यांसारखीच खेळाची ओढ मेंदूच्या खोलवरच्या जुन्या भागात असते. म्हणजे जे जगायला लागतं त्याच रांगेत ती येते.

आणखी एक, पाऊलवाट यांच्या लिंबूटिंबूशी जुळणारं. लुटुपुटीच्या लढाईत मोठा उंदीर आलटून पालटून लहानाला वर येऊ देतो. तो प्रत्येक वेळी स्वतःच जिंकत राहिला तर लहान त्याला खेळायला बोलवायचंच थांबवतो. प्राण्यांच्या खेळाचे अभ्यासक सर्जिओ पेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की पिल्लांना खेळायला मिळालं नाही, तर मोठेपणी दुसऱ्या उंदराशी वागताना त्यांचा अंदाज चुकतो, आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या जडणघडणीतही फरक दिसतो.

उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे मान्य. पण जी गोष्ट इतक्या प्राण्यांत, पिल्लू असतानाच, जीवावरची जोखीम पत्करून केली जाते, ती बिनकामाची असेल हे मला पटत नाही.

उंबरठा

दंगामस्तीचा विषय निघालाच आहे तर विचारते. माझे जुळे मुलगे दिवसभर एकमेकांच्या अंगावर पडत असतात. घरातल्या ज्येष्ठांना वाटतं मी ढिली सोडलीयेत. मलाही कधी कधी कळत नाही, हा खेळ आहे की खरंच हाणामारी. कुठे मध्ये पडायचं?

कुतूहल

उंबरठा, चेहरे बघा. खेळात तोंड सैल, उघडं, बहुतेक वेळा हसरं असतं. खऱ्या भांडणात ओठ घट्ट आणि नजर रोखलेली. खेळात पाळी बदलते, एकदा हा खाली, एकदा तो. ताकदवान मुद्दाम कमी जोर लावतो. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे शेवट. मस्ती संपली की दोघं तिथेच राहतात, लगेच दुसरं काहीतरी सुरू करतात. खऱ्या भांडणानंतर दोघं दोन दिशांना जातात.

एकच भिडू सतत खाली असेल, किंवा "थांब" म्हटल्यावर दुसरा थांबत नसेल, तर मध्ये पडायला हवं.

रानजाई

"थांब म्हटलं की थांबायचं" हा एक नियम आमच्याकडे मोठ्यांनी घातलेला आहे. बाकी सगळे त्यांचे. आणि तो मोठ्यांनाही लागू आहे! गुदगुल्या करताना मूल "बस" म्हणालं की हात मागे. आपल्या शरीरावर आपला अधिकार असतो, हे मुलाला भाषण देऊन कळत नाही. बाबांचा हात खरोखर थांबला की कळतं.

शुभ्रछाया

मी मुलांच्या वॉर्डमध्ये परिचारिका आहे. खेळ हा उपचाराचा भाग असतो, हे तिथे रोज दिसतं. अनेक देशांत मोठ्या रुग्णालयांतून मुलांशी खेळण्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेली माणसं नेमतात.

सुई टोचायच्या आधी मुलाला बाहुली देतो, सुई नसलेली सिरिंज देतो, कापूस, चिकटपट्टी देतो. काही मुलं आधी लांबून बघतात. मग बाहुलीला टोचतात. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि बरेचदा फार जोरात. नवीन आलेल्या नर्सला वाटतं मूल हिंसक झालंय. तसं नसतं. खऱ्या प्रसंगात त्याला हलायचीही परवानगी नसते, इथे सिरिंज त्याच्या हातात असते. मग हळूहळू बाहुलीशी बोलणं सुरू होतं. "आता थोडंसं दुखेल हं. झालंच." हे आमचंच बोलणं, आमच्याच सुरात. तोवर बहुतेक मुलं स्वतःचा हात पुढे करायला तयार झालेली असतात. सगळी नाही, पण बरीच.

म्हणून घरीही मूल एकच भयंकर प्रसंग सारखा खेळत असेल, गाडीचा अपघात, कुणी हरवलं, कुणी वारलं, तर "असलं काय खेळतोस" म्हणून थांबवू नका. त्याला ती गोष्ट पचवायची आहे. जवळ बसा. फार दिवस तोच खेळ, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर मूल मोकळं व्हायच्या ऐवजी आणखी घाबरलेलं दिसलं, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.

सांजसावली

खूप विचार करून लिहितेय. माझा मुलगा स्वमग्न आहे. "तो खेळतच नाही" हे वाक्य मी नातेवाईक, शेजारी, एवढंच काय तपासणाऱ्या माणसांकडूनही ऐकलंय.

तो डब्यांची झाकणं फरशीवर भिंगरीसारखी फिरवतो. झाकण थांबेपर्यंत गाल फरशीला टेकवून बघत राहतो. मला "याला खेळायला शिकवा" असं सांगितलं गेलं, आणि बरेच दिवस मी झाकणं काढून घेऊन बाहुल्या, गाड्या पुढे करत होते. त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका वेगळ्या बाईंनी सुचवलं, तुम्हीही एक झाकण घ्या. घेतलं. त्याच्या शेजारी आडवी झाले, गाल फरशीवर. तेव्हा कळलं की प्रत्येक झाकणाचा आवाज वेगळा आहे. स्टीलचं थांबता थांबता चढत जातं, प्लॅस्टिकचं नुसतं खडखडतं. तो झाकणं आवाजाप्रमाणे रांगेत लावत होता. सगळ्यात लांब वाजणारं डावीकडे. तो केव्हापासून हे करत होता आणि आम्हाला ती नुसती पसरलेली झाकणं दिसत होती.

आता तो स्वतःचं फिरवून झालं की माझं झाकण माझ्याकडे सरकवतो. रानजाई, तुमच्या व्याख्येत हे बसतं ना? आपणहून सुरू केलेलं, नियम त्याचे. म्हणून लिहावंसं वाटलं.

रानजाई

सांजसावली, पुरेपूर बसतं. पाळीही आली त्यात. तुमचा प्रतिसाद इथे खेळाबद्दल लिहिलेल्या कुठल्याही माहितीपेक्षा जास्त सांगून जातो.

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या एकत्र खेळण्याचे प्रकार मांडले. नुसतं बघत राहणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग हळूहळू एकमेकांत मिसळून खेळणं. पुष्कळांनी ते पायऱ्यांसारखे घेतले, खालची सोडून वर चढायची जणू. पण एकट्याने खेळणं मोठ्या मुलांतही असतं आणि चांगलंच असतं. शेजारी बसून आपापलं खेळण्यातही सोबत असते. नुसतं काठावर उभं राहून बघणारं मूलही बरंच काही घेत असतं, त्याला "जा ना, खेळ ना" म्हणून ढकलू नये.

तळ्यातमळ्यात

इथे कुणी व्हिडिओ गेमबद्दल बोललंच नाही. माझी मुलगी बारा वर्षांची. ती आणि तिच्या मैत्रिणी संध्याकाळी आपापल्या घरून एकत्र एक जग बांधतात. कोण काय बांधणार यावर तासन्‌तास चर्चा, कुणी कुणाचं पाडलं म्हणून रुसवेफुगवे, नवे नियम. रानजाई यांच्या चादरीच्या घरात जे झालं तेच सगळं. हा खेळ नाही का? "स्क्रीन" या एका शब्दात सगळं बसवून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

मधली सुट्टी

तळ्यातमळ्यात, तुमच्या मुलीचं जे चाललंय तो खेळच आहे, मान्य. पण माझ्या वर्गातली बहुतेक मुलं ते करत नाहीत. ती एकामागून एक छोटे व्हिडिओ बघतात. किंवा असे गेम खेळतात जे सोडून उठणं अवघड व्हावं अशीच ज्यांची रचना आहे. आज आला नाहीस तर बक्षीस बुडेल, उद्या आलास तर दुप्पट. रानजाई यांनी सुरुवातीलाच लिहिलंय ना, केव्हाही उठून जाता येतं तो खेळ. जिथून उठता येत नाही तिथे मालक दुसराच कुणीतरी आहे.

रानजाई

दोघींचं पटतंय, तरी माझा एक मुद्दा उरतो. बांधकाम कितीही कल्पक असलं तरी शरीर खुर्चीतच असतं. धाप लागत नाही, गुडघा खरचटत नाही, समोरच्याचा चेहरा उतरलेला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगितली आहे. ३ आणि ४ वर्षांच्या मुलांना तर दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० जोरकस. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी स्क्रीन नकोच, आणि २ ते ४ वयात फार तर तासभर. संध्याकाळचं ते जग बांधून होत असेल आणि त्याखेरीज दिवसात धावणंही होत असेल, तर माझी तक्रार नाही. धावण्याची जागा त्याने घेतली असेल तर आहे.

तळ्यातमळ्यात

धावण्याचं मान्य. पण चेहरा दिसत नाही हे नाही पटलं. ज्यांना समोरासमोर बोलायला जड जातं अशा मुलांना तिथेच पहिल्यांदा मैत्री जमते, हे मी जवळून बघितलंय. या एका मुद्द्यावर आपलं एकमत होणार नाही, राहू दे.

निवांत आजोबा

मी नातीबरोबर पत्ते आणि सापशिडी खेळतो. हरली की पट उधळते. मी मुद्दाम हरावं का? सून म्हणते हरू नका, तिला हार पचवता आली पाहिजे. मुलगा म्हणतो हरा, लहान आहे.

पाऊलवाट

आजोबा, नात केवढी आहे त्यावर आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला सापशिडीत नशीब असतं, फासे कुणाचं ऐकत नाहीत, हे अजून उमगलेलं नसतं. आपण वाईट खेळलो म्हणून साप लागला असंच त्याला वाटतं. मग रडीचा डाव होणारच.

चोरून हरण्यापेक्षा उघड सवलत द्या. "मी मोठा आहे, म्हणून मी तीन पत्त्यांनी सुरुवात करतो, तू सात घे." मग दोघं मन लावून खेळा. जिंकली तर ते खरं जिंकणं, हरली तरी फार अंतराने नाही. थोडी मोठी झाली की ती स्वतःच म्हणेल, "आज सारखेच घेऊ." आणि दोघांनी मिळून एका बाजूने खेळायचे खेळही असतात, सगळे जिंकतात नाही तर सगळे हरतात. पट उधळणाऱ्या मुलांबरोबर तिथून सुरुवात बरी.

आणि आजोबा, तुम्ही हरल्यावर कसे वागता ते ती बघत असते. "अरेरे, थोडक्यात गेलं! चल आणखी एक डाव" हे तुमच्या तोंडून ऐकलं की पुरे.

उंबरठा

कुतूहल, धन्यवाद, काल मुलांचे चेहरे बघितले. हसरेच होते.

आता दुसरी भीती. ही दोघं झाडावर चढतात. "पडशील" म्हणून ओरडायचं मी कसंबसं थांबवते. किती जोखीम ठीक?

रानजाई

नॉर्वेच्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, धोकादायक अवजारं, पाणी किंवा आगीसारख्या गोष्टींजवळ खेळणं, दंगामस्ती, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. पुढे त्यांनी असंही मांडलं की अशा खेळातून मूल आपल्या भीतीला थोडं थोडं सामोरं जातं, आणि हे अजिबात मिळालं नाही तर भीती तशीच मुरते. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये अशा खेळाच्या बाजूने भूमिका घेतली.

याचा अर्थ काहीही चालवून घ्यायचं असा नाही. फांदी किती उंच आहे हे मुलाला दिसतं. वर जायचं की नाही ते ते ठरवू शकतं आणि बहुतेक मुलं आपल्या बेताने थांबतातही. फांदी आतून पोखरलेली आहे हे त्याला दिसत नाही. ते बघणं आपलं काम. झाडाखालची काच उचलणं आपलं काम. गळ्यातला दोर, ओढणी काढायला लावणं आपलं काम. खोल पाणी आणि रस्ता इथे तर आपण हवंच, दुसरं मत नाही.

आणि "पडशील" याऐवजी काहीतरी कामाचं बोला. "आता पाय कुठे ठेवणार?" "ती फांदी हलतेय का बघ." पडशील ऐकलं की मूल आपल्याकडे बघतं, तेही नेमकं पाय टाकताना. आणखी एक, त्याला आपणहून वर चढवू नका. जिथे स्वतः चढता येत नाही तिथून स्वतः उतरताही येत नाही.

थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, एक वेगळं मैदान सुरू झालं. सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराने पाहिलं होतं की त्याने आखलेल्या सुबक मैदानांपेक्षा मुलांना पडीक जागेतला भंगारमाल जास्त आवडतो. म्हणून तिथे झोके-घसरगुंडीऐवजी फळ्या, विटा, हातोड्या ठेवल्या. मुलं बांधायची, पाडायची, पुन्हा बांधायची. जवळ एक मोठा माणूस असायचा, पण मार्गदर्शन करायला नाही, लागलाच तर हाताशी.

एकपाठी

ही फळ्या-विटांची गोष्ट आवडली. आमच्याकडे खेळण्यांची दोन कपाटं आहेत आणि मुलगा "काय खेळू" विचारत फिरतो. खेळणी जास्त झाली असं असतं का?

कुतूहल

असतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३६ लहानग्यांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. वयं साधारण दीड ते अडीच वर्षं. ४ खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याचे जास्त निरनिराळे उपयोग केले. तुमचा मुलगा मोठा असेल, पण करून बघायला काय हरकत आहे? थोडी बाहेर ठेवा, बाकीची नजरेआड, काही आठवड्यांनी अदलाबदल.

आणखी एक, २०१६ चा. दिवे लागणारी, बोलणारी, गाणारी खेळणी समोर असताना आईबाप बाळाशी कमी बोलतात आणि बाळही कमी आवाज काढतं, असं २६ जोड्यांत दिसलं. पुस्तकं आणि साधे ठोकळे असताना जास्त. खेळणंच बोलायला लागलं की माणसं गप्प होतात.

खोकी, दोऱ्या, चादरी, चिमटे, ज्याचं काय करायचं हे आधीपासून ठरलेलं नाही ते सगळ्यात टिकतं.

पाऊलवाट

आणि "काय खेळू" ला लगेच उत्तर देऊ नका. कंटाळा येऊ द्या त्याला. आमच्याकडे थोडा वेळ कुरकुर होते, मग कुठून तरी खोकं निघतं.

एकपाठी

त्या ५ मिनिटांचा प्रयोग सुरू केलाय. पहिल्या दिवशी प्रश्न न विचारता बसणं फार जड गेलं, खरंच तोंडाशी यायचे. पण एक अडचण आहे. वेळ संपली म्हटलं की आरडाओरडा. इतका की सुरूच केलं नसतं तर बरं, असं वाटतं. संपवायचं कसं?

शुभ्रछाया

वॉर्डात आम्हाला हे रोज करावं लागतं, राउंडची वेळ झाली की खेळ थांबवावाच लागतो. तीन गोष्टी बघा.

घड्याळाने न संपवता खेळातूनच संपवा. "आगगाडी आता शेवटच्या स्टेशनात शिरतेय, मग रात्रीची यार्डात." एकदम "चल, झालं" म्हटलं की मूल त्या जगातून ओढून काढल्यासारखं होतं.

बांधलेलं लगेच मोडायला, आवरायला लावू नका. जागा असेल तर तसंच राहू द्या, उद्या तिथूनच सुरू करायचं. निम्मा आरडाओरडा संपल्याचा नसतो, मोडलं जाण्याचा असतो.

आणि रडलं तर रडू द्या, पण उद्या त्याच वेळी नक्की बसा, आज रडला म्हणून उद्याची ५ मिनिटं कापू नका. चार-आठ दिवस रोज झालं की त्याला भरवसा येतो. तोवर थोडा आवाज सहन करावा लागेल.

एकपाठी

पटलं, विशेषतः मोडण्याचं. आम्ही झोपायच्या आधी सगळं डब्यात भरायला लावतो. आज कोपऱ्यात तसंच ठेवून बघतो. केर काढताना अडचण होईल, पण ते बघू.